रडायचं ते गाडी येण्याआधी

आमची सकाळची गाडी उशिरा का येते, याची कारणं मी एकदा क्रमवार लिहून काढली होती. मला तशी सवय आहे. किराणा असो, पाहुणे असोत की तक्रार असो, कागदावर उतरल्याशिवाय मला ती गोष्ट नीट दिसत नाही. पहिलं कारण, इंजिन जुनं. दुसरं, जंक्शनला मोठ्या लाईनची गाडी रखडली की आमची तिच्यासाठी ताटकळत उभी. तिसरं, पाणी भरणं. चौथं, ड्रायव्हरचा चहा. पाचवं, रुळांवर निवांत बसलेल्या म्हशी. गाडीची वाट पाहत फलाटावर उभ्या उभ्याच मी तो कागद अक्कांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा न लावता हात लांब धरून तो वाचला आणि परत केला.

"छान आहे. पण यात आपण कुठे आहोत?"

"आपण?"

"आपणच. गाडीत बसणारे. आपलं काहीच चुकत नाही का? बघ बरं परत."

मला राग आला होता. उशीर रेल्वेचा, रजा माझी कापली जायची, आणि चूक आमची! पण अक्कांशी वाद घालायला सुरुवात केली की त्या एकच वाक्य म्हणत, "बरं, पुढचं बोल." त्यापुढे वाद टिकत नसे.

करंजखेडे हे आमचं स्टेशन जंक्शनहून धुळ्याला जाणाऱ्या शाखा लाईनच्या मध्यावर. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. यजमान गावातल्या बँकेच्या शाखेत होते, मी धुळ्याला जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात. त्यामुळे रोजचं अपडाउन. एसटी गावात यायची ती दुपारी, आणि पावसाळ्यात नाला भरला की तीही नाही. म्हणजे सकाळी धुळ्याला जायचं तर ही एकच गाडी, आणि संध्याकाळी परत आणणारीही तीच.

अक्का धुळ्याच्या मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. नाव वत्सला, पण गावात लहान-मोठ्या सगळ्यांच्या तोंडी अक्का. उंची बेताची, चाल झपाट्याची. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही खडू फासून पांढरेशुभ्र केलेले, आणि बुटांना धूळ लागू नये म्हणून साडी वीतभर वर. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी होती. लग्न शिंदखेड्याकडे झालं होतं आणि वर्षभरातच त्या भावाच्या घरी परत आल्या होत्या, एवढंच गावाला माहीत होतं. त्यापलीकडे त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत, तेव्हा मीही बोलत नाही.

गाडीत अक्का बसल्याचं मला आठवत नाही. गावातल्या आठ-दहा पोरी त्यांच्याबरोबर धुळ्याला शिकायला जात, काही हायस्कुलात, दोन-तीन कॉलेजात. त्यांना एका बाकावर ओळीनं बसवायचं, दप्तरं वर फळीवर, आणि स्वतः दाराजवळ उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. एखादा तरुण समोरच्या बाकावर पाय पसरून बसलेला दिसला की विचारायच्या, "पाय दुखतात का रे भाऊ? मग उभा राहा, मोकळे होतील." तो मुकाट्यानं उभा राहायचा.

गाडी सिग्नलबाहेर अडकून पडली की इतर लोक रेल्वेला शिव्या घालत. अक्का म्हणत, "चला, वेळ मिळालाय. मान डावीकडे. उजवीकडे. खांदे मागे." पहिल्यांदा पोरीच करायच्या. मग आम्ही नोकरदार बायका करायला लागलो, मग तहसीलचे कारकून. कापडाचे व्यापारी असलेले आमच्या गावचे मारवाडी शेठ टोपी मांडीवर काढून ठेवून डोळे मिटून मान फिरवायचे. एकदा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाई, गाडी वेळेवर यायला लागली तर आमच्या मानेचं काय?"

"शेठजी, मान दुकानात फिरवा. गिऱ्हाईक कुठे कुठे बघतंय तेही कळेल."

सगळा डबा हसला. पण अक्कांसाठी गाडीचा उशीर ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. एकेका घरी जाऊन, एकेका बापासमोर ओट्यावर बसून त्यांनी शब्द दिला होता, "गाडीनं नेईन, गाडीनं आणीन. पोरगी माझी." गाडीचा भरवसा गेला की तो शब्द जाणार, आणि शब्द गेला की पोरी घरी बसणार, हे त्या जाणून होत्या. पोरींचं कॉलेज चुकलं तर बाप लोक आधी गाडीला नावं ठेवत, पण दुसऱ्या वाक्यात स्थळाचा विषय निघे.

म्हणून आम्ही रेल्वेला अर्ज केला. गाडी वेळेवर आणा, इंजिन बदला, अशा मागण्या मी मुद्देसूद मांडल्या. गावानं सह्या, अंगठे केले. आणि आश्चर्य म्हणजे एक साहेब खरंच आले. आले तेही आखाजीनंतरच्या आठवड्यात.

आखाजी म्हणजे आमच्या खान्देशात लेकींचा सण. भाऊ नाहीतर बाप मुऱ्हाळी होऊन सासरी जातो आणि लेकीला माहेरी घेऊन येतो. झाडाला झोके बांधतात, गाणी होतात, पुरणाच्या पोळ्या होतात. ते सगळं गोड. मग सण सरतो आणि लेकी परत निघतात. आमच्या गावची लेक निघाली की तिच्यामागे अख्खी गल्ली स्टेशनावर. गाडी येऊन उभी राहिली की मग निरोपाला सुरुवात. आधी आईच्या गळ्यात पडायचं, मग काकूच्या, मग शेजारणींच्या, एकेकीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायचं, आणि एकीला जरी वगळलं तरी ती वर्षभर बोलून दाखवणार. मग कुणाला तरी आठवायचं की ओटी भरायची राहिली. फलाटावरच पदर पसरायचा, गहू, खोबरं. तेवढ्यात लेकीचं बाळ कुणाकडे तरी राहिलेलं असायचं. गार्ड रहीमभाई हिरवी झेंडी गुंडाळून काखेत धरून उभे. भला माणूस. म्हणायचे, "मेरी भी बेटियां हैं. रडणाऱ्या बाईसमोर झेंडी कशी दाखवू?"

साहेबांनी त्या दिवशी हे सगळं फलाटावर उभं राहून पाहिलं. तीन लेकी निघाल्या होत्या. दोन मिनिटांचा थांबा. गाडी किती वेळ उभी राहिली ते मी सांगत नाही, गावाची अब्रू आहे. शेवटी साहेब आमच्याकडे वळले.

"तुमचा अर्ज मी वाचलाय. इंजिनाचं मी बघतो, मोठ्या गाडीचं मी बघतो. पण यांचं कोण बघणार?" त्यांनी बायकांच्या घोळक्याकडे बोट केलं. "धुळ्याचे लोक उलटी तक्रार करतात, की करंजखेड्याचा थांबाच काढून टाका. त्यांचंही खोटं नाही. हा उन्हाळा मी बघतो. इथे गाडी वेळेत सुटली तर थांबा राहील. नाहीतर सकाळच्या गाडीला इथे थांबा नाही."

सरपंच चप्पल बघत होते. अक्का पुढे झाल्या.

"यांचं मी बघते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी परतताना स्टेशनाबाहेर आबा उभे होते. आबा गावातले वजनदार शेतकरी. त्यांची धाकटी मंगल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, परीक्षा तोंडावर आलेली. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "अक्का, थांबा गया ते पोर घर बठी. मंग माले दोष देऊ नको. आते बठ्ठं तुनावर शे."

"आबा, थांबा नही जावाव," अक्का म्हणाल्या. थांबा जाणार नाही, असा शब्द देऊन त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी बायका गाठायला सुरुवात केली. विहिरीवर, दळणाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर. मी दोन-तीनदा सोबत गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. ओटी घरी भरायची. गळाभेटी वेशीबाहेरच्या कडुनिंबाखाली उरकायच्या. तिथे सावली आहे, हवं तेवढं रडा. स्टेशनात लेकीबरोबर दोघंच. आणि धूर दिसला की रडणं बंद.

गंगूमाय म्हणून एक ठसकेबाज म्हातारी होती. पाच लेकींची, तिच्या भाषेत आंडेरींची, आई. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आंडेर सासरे चालनी नि आम्हीन रडानं बी नही? हाई कोनतं सरकार शे वं माय?"

"रड ना, पोटभर रड. घरमा रड, गल्लीमा रड. गाडीना दारसमोर नको."

"गाडी दखावर रडू येस. आधी कसं येई?"

"आधीपाईन सुरू कर. सवय व्हई जाई."

बायका फिदीफिदी हसल्या. गंगूमायला ते लागलं. ती म्हणाली, "जिना पोटे आंडेर नही, तिले काय समजस?"

रहाटाचा दोर कुणीतरी हातातच धरून ठेवला. मला वाटलं अक्का निघून जातील. त्या हसल्या.

"नही ना. म्हनीसनच तुन्या आंडेरी लई जास."

गंगूमायच्या दोन नाती अक्कांबरोबर हायस्कुलात जात होत्या. त्याच आठवड्यात म्हातारीची थोरली लेक निघाली तेव्हा सगळ्यांत आधी कडुनिंबाखाली जाऊन बसली ती गंगूमायच. आणि इतरांना दटावू लागली, "आते रडी ल्या वं, मंग टाइम नही!"

अर्थात सगळं इतकं सरळ झालं नाही. पहिल्याच आठवड्यात एक गडबड झाली आणि ती अक्कांच्या हातूनच.

एका लेकीबरोबर दोघांऐवजी चौदा माणसं फलाटावर आली. अक्कांनी हातांनी सांगून पाहिलं, तोंडानं सांगून पाहिलं. बायका गळ्यात गळे घालून उभ्या. शेवटी अक्कांनी शाळेच्या मैदानावर वाजवतात तशी शिट्टी फुंकली, लांबलचक. बायका दचकून बाजूला झाल्या खऱ्या. पण पुढे इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरला वाटलं गार्डानं इशारा दिला. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो या स्टेशनात मागे वळून झेंडी बघायचंच सोडून बसला होता. शिट्टी झाली की रडणं संपलं, एवढं त्याला ठाऊक. त्यानं गाडी सोडली. लेकीची ट्रंक वर, लेक खाली. जावई वर, जावयाच्या चपला खाली. आणि रहीमभाई स्टेशनमास्तरांच्या खोलीच्या दारात, हातात पाण्याचा पेला. ते पेला घेऊनच धावले.

"अरे रोको! गार्ड नीचे है! गार्ड!"

शेठजी दारात उभे राहून टोपी हलवत होते. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, कारण मंगलनं साखळी ओढली. मग लेक धावत, तिच्यामागे रहीमभाई धावत, त्यांच्यामागे चपला घेऊन तिचा भाऊ धावत, अशी वरात रुळांच्या कडेनं गेली. गाडीतली माणसं हसून हसून बाकांवरून घसरली.

धुळ्याला उतरल्यावर रहीमभाई आमच्या डब्यापाशी आले. हसत नव्हते.

"बाई, एक काम करा. माझी नोकरी तुम्ही घ्या, नाहीतर शिट्टी मला द्या."

अक्कांनी दोरी गळ्यातून काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "चूक माझी. लिहून द्यायचं असेल तर देते."

रहीमभाईंनी शिट्टी कोटाच्या खिशात टाकली. "लिहायचं काही नाही. ड्रायव्हरला मी समजावतो. पण मैदान तुमचं, फलाट माझा."

"कबूल. फलाट तुमचा. पण मग झेंडी वेळेवर दाखवायची, समोर कुणी का रडेना."

"कोशिश करतो," ते म्हणाले. त्या दिवसापासून अक्का फलाटावर फक्त टाळ्या वाजवत. त्या टाळ्याही कमी नव्हत्या.

हळूहळू जमायला लागलं. इंजिन अधूनमधून रुसायचं, ते आमच्या हातात नव्हतं. पण करंजखेड्यात गाडी दोन मिनिटांवर फार रेंगाळेना. कडुनिंबाखाली मात्र रोज मेळा. एका शेतकऱ्यानं तिथे पाण्याचा रांजण ठेवला, कारण रडून बायकांना तहान लागते असं त्याचं निरीक्षण. मंगलची परीक्षा सुरू झाली. पहिले दोन पेपर वेळेवर मिळाले. आबा रोज संध्याकाळी स्टेशनाबाहेर उभे राहत, मुलीला काही विचारत नसत, गाडीकडे बघत.

तिसऱ्या पेपरच्या दिवशी त्यांच्या थोरल्या लेकीचं, कुसुमचं, सासरी निघणं होतं. दोन वर्षांपूर्वी तिला शिरपूरकडे दिलेली. न्यायला तिचा दीर आला होता, सारखं घड्याळ बघणारा, गॉगल लावलेला. थांब्यावरून अक्कांना बजावणारे आबाच, म्हणून सगळं अक्कांच्या नियमानं झालं. ओटी घरी भरली. कडुनिंबाखाली बायका रडल्या. मंगल आधीच येऊन डब्यात बसली होती, मांडीवर वही. फलाटावर कुसुम, तिची आई, आबा आणि दीर, एवढेच.

मी दारात उभी होते म्हणून हे नीट पाहिलं. कडुनिंबाखाली कुसुम रडली नव्हती. तिथे ती सगळ्यांच्या गळ्यात कोरडीच पडली. गाडी येऊन उभी राहिली, दिरानं ट्रंक वर चढवली, आणि तिनं एका हातानं दाराची दांडी धरली, दुसऱ्या हातानं आईचं मनगट धरलं. आणि सोडेना. आवाज नाही. नेहमीचं गळा काढणं नाही. ती आईकडे बघून हळूच म्हणाली, "माय, माले नको धाडू."

आईनं आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "पोरी, गाडी सुटी."

दीर म्हणाला, "नाटकं नको, वहिनी. चढा."

रहीमभाई झेंडी उघडून उभे. दुरून मास्तर बघताहेत. डब्यात मंगल उभी राहिली. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचे हात टाळी वाजवायला वर आले होते, ते तसेच राहिले. कुसुमच्या त्या आवाजात त्यांनी काय ओळखलं ते मला सांगता येणार नाही. क्षणभरच. मग त्या आईच्या मागे गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वहिनी, चढा."

"मी? मी कोठे?"

"गाडीमा. चढा."

"मी अशी? पायमा काही नही, घर उघडं शे..."

"घरले मी कोनले तरी बसाडस. चढा. हात सोडू नका तिना."

आई चढली. चढली म्हणण्यापेक्षा अक्कांनी तिला पीटीच्या तासाला लाकडी घोड्यावरून उडी मारताना मुलींना देतात तसा आधार देऊन वर टाकली. मग आबांकडे वळल्या.

"आबा, तुम्ही बी."

"मना काय काम?"

"ऐकानं काम शे. आठे उभं राहीसन ते तुम्ही वावरमा निघी जाशात. गाडीमा कोठे जाशात?"

आबांना गावात असं कुणी बोलत नव्हतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, दाराशी मायलेकींकडे पाहिलं, डब्यात वही छातीशी धरून उभ्या असलेल्या मंगलकडे पाहिलं. आणि धोतर सावरून चढले. अक्कांनी रहीमभाईंना हात केला. झेंडी हलली. गाडी सुटली.

अक्का स्वतः शेवटी चढल्या, त्याही चालत्या गाडीत, जे त्या पोरींना कधी करू देत नसत. चढण्याआधी कडुनिंबाकडे तोंड करून ओरडल्या, "गंगूमाय, आबाना घर बठ जाईसन!" आणि हा एवढा सगळा कारभार दोन मिनिटांत बसला. मी नंतर मनाशी मांडून पाहिलं, तर वेळ उरलाच होता.

त्या दिवशी डब्यात मान फिरवण्याचा व्यायाम झाला नाही. अक्कांनी दिराला दुसऱ्या टोकाला शेठजींजवळ बसवलं आणि शेठजींनी त्याला कापडाच्या भावांत असं गुंतवलं की त्याला इकडे बघताही येईना. खिडकीजवळच्या बाकावर कुसुम मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला आबा. गाडीच्या खडखडाटात तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. एवढं दिसलं, की ती बोलत होती आणि आबा, जे कुणाचं पुरं वाक्य ऐकून घेत नसत, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मध्येच तिनं बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. आबांनी खिडकीबाहेर तोंड केलं. पुढची दोन स्टेशनं त्यांनी ते आत घेतलं नाही.

धुळ्याला उतरल्यावर आबा दिराला म्हणाले, "ट्रंक ऱ्हाऊ द्या. तुम्ही जा. चार दिवसांनी मी स्वतः येईन बोलायला. मग बघू." ते शुद्ध बोलले. रागावले की ते शुद्ध बोलत.

मंगलनं पेपर दिला. संध्याकाळच्या गाडीनं कुसुम आई-बापांबरोबर परत आली. पुढे आबा दोन वडीलधारी माणसं घेऊन शिरपूरकडे जाऊन आले, नंतर पुन्हा गेले. दिवाळी झाल्यावर कुसुम नांदायला गेली. पण त्यानंतर आबा दर महिन्याला तिच्याकडे एक चक्कर टाकू लागले, हातात काही नसलं तरी. मुऱ्हाळी वर्षातून एकदा जातो, हा कसला दर महिन्याचा मुऱ्हाळी, म्हणून लोक हसायचे. आबा हसू द्यायचे.

कुसुम परत आली त्याच आठवड्यात मी अक्कांना विचारलं होतं, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"की ते रडणं वेगळं आहे."

त्या पोरींची डोकी मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "फलाटावरचं रडणं सगळ्यांना ऐकू जाण्यासाठी असतं. चांगलंच असतं ते. तिला कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं." आणि मग, मी आणखी काही विचारायच्या आत, "बरं, पुढचं बोल."

उन्हाळा संपला आणि थांबा राहिला. तसं कुणी फार गाजवून सांगितलं नाही; नव्या वेळापत्रकात आमचं स्टेशन छापलेलं दिसलं, एवढंच. पुढे डिझेलचं इंजिन आलं आणि साहेबांनी आपलाही शब्द पाळला असं म्हणायला हरकत नाही. धूर बंद झाल्यावर बायकांची पंचाईत झाली, कारण धूर दिसला की रडणं बंद हा नियम. मग गंगूमायनं निकाल दिला, हॉर्न ऐकू आला की बंद. आणि एक नवीच रीत पडली. ज्या आईचा जीव फारच खालीवर होई, ती लेकीबरोबर गाडीत चढून धुळ्यापर्यंत जाई आणि संध्याकाळी परत येई. गावात त्याला "अक्कांनी लावलेलं वळण" म्हणत. तिकिटाशिवाय चढायचं नाही, हेही वळण अक्कांनीच लावलं. पहिल्या दिवशीच्या त्या दोन तिकिटांसाठी त्यांनी धुळ्याच्या मास्तरांना गाठून दंडासकट हिशेब मिटवल्याचं रहीमभाईंनी मला नंतर सांगितलं.

दोन वर्षांनी यजमानांची बदली जळगावला झाली. ते सामान घेऊन ट्रकनं पुढे गेले. मला धुळ्याच्या कचेरीत टेबलाचा ताबा द्यायचा होता, म्हणून मी सकाळच्या नेहमीच्या गाडीनं धुळ्याला आणि तिथून एसटीनं जळगावला, असं ठरवलं. आदल्या संध्याकाळी अक्कांकडे जाऊन रीतसर निरोप घेतला. त्यांनी खणानारळानं ओटी भरली. आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर बसून जे काय रडायचं ते रडून घेतलं, चहा घेतला, आणि त्यांनी मला जळगावच्या घरी पाण्याची वेळ काय, भाजीबाजार किती लांब, असल्या चौकशा केल्या. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि कॉलेजच्या पोरींना आता मंगल नेत असे, त्यामुळे सकाळी त्या गाडीला नसणार होत्या. स्टेशनावर येऊ नका, असं मीच सांगितलं. "मी कशाला येते?" त्या म्हणाल्या.

सकाळी गाडी वेळेवर आली. कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या. डब्यात आता नऊ मुली कॉलेजच्या होत्या, मंगल शेवटच्या वर्षाला आणि पोरींना ओळीनं बसवणारी तीच. मी दारात उभी राहिले. मास्तरांना, कडुनिंबाला, रांजणाला एकदा पाहून घेतलं. रहीमभाई झेंडी घेऊन उभे.

तेवढ्यात मंगल खिडकीतून ओरडली, "अक्का!"

गावाच्या पायवाटेनं अक्का येत होत्या. धावत होत्या असं म्हणायला हवं, पण त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता, त्यामुळे ते धावणं एका पायावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी होतं. काखेत स्टीलचा मोठा डबा. उन्हाळी वाळवण चाललं होतं. त्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, असणार, हे मला तिथूनच कळलं. पायात चपला होत्या. घराबाहेर त्यांना बुटांशिवाय मी पहिल्यांदा पाहत होते.

"थांबवा ना गाडी!" मुली ओरडायला लागल्या. "रहीमभाई, अक्का येताहेत!"

रहीमभाईंनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय करू ताई? एक मिनट का तो सवाल है."

मला थांबा म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

अक्का अजून शेताच्या बांधावर होत्या, फलाट बराच लांब. त्यांनी पाहिलं असावं की झेंडी अजून गुंडाळलेली आहे आणि मुली खिडक्यांतून अर्ध्या बाहेर आहेत. त्या जागच्या जागी थांबल्या. डबा खाली ठेवला. आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलींना दिसावा तसा उजवा हात पूर्ण वर ताठ करून त्यांनी धुळ्याच्या दिशेनं जोरात हलवला. एकदा. परत एकदा, जरा रागानंच. निघा.

रहीमभाईंनी झेंडी उघडली.

गाडी त्यांच्या बांधाजवळून गेली तेव्हा त्या गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, दम खात उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि ओरडून काहीतरी सांगितलं. ते मला नव्हतं. खिडकीतून बाहेर लोंबकळणाऱ्या मुलींना होतं, की डोकी आत घ्या. मुलींनी डोकी आत घेतली. मग त्यांनी डबा उचलला, काखेत मारला आणि गावाकडे चालायला लागल्या, मागे न बघता, दुखऱ्या पायाला सांभाळत.